सोलापूर प्रांतींची वृक्षचिकित्सा : पोथी, परस आणि पत्रक

जुनीं बाडें जमविणाऱ्या व त्यांच्या याद्या करणाऱ्या आमच्या वाचकांस एक अनुभव नित्याचा असेल. बाडांत वैद्यकाचीं पानें पुष्कळ निघतात. माणसाच्या तापावरील काढे, घोड्याच्या रोगांवरील लेप, विंचवाचे उतारे हीं सारीं यादींत नांवानिशीं नोंदलीं जातात. परंतु एखादें टिपण झाडाच्या रोगासंबंधीं असलें, तर तें बहुधा ‘किरकोळ’ ह्या सदराखालीं पडतें व पुढें त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं. कृषि विद्यापीठें व संशोधन केंद्रें परसबागेविषयीं आणि झाडांच्या आरोग्याविषयीं जीं पत्रकें आज लोकांस वांटतात, त्यांची गत तर ह्याहून वाईट आहे. हंगाम सरला कीं पत्रक रद्दींत जातें. ह्या दोन्ही प्रकारच्या कागदांचा इतिहासाचीं साधनें म्हणून विचार व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

विषय विस्तृत असल्यामुळें आम्हीं तो एका प्रांतापुरता व एका झाडापुरता आंखून घेतला आहे. प्रांत सोलापूरचा, झाड डाळिंबाचें. हें झाड संस्कृत ग्रंथांत ‘दाडिम’ ह्या नांवानें येतें. दख्खनच्या परसांत तें एकटेंदुकटें लावलेलें दिसतें आणि सोलापूर जिल्ह्यांत तें बागाईतीचें एक मुख्य पीक आहे. इ. स. २००५ मध्यें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुराजवळ केगांव येथें स्थापन झालें, व २०१६ मध्यें ‘सोलापूर डाळिंब’ ह्यास भौगोलिक मानांकन मिळालें. ह्या झाडाच्या रोगांवरील सल्ल्याचा विषय निघाला म्हणजे लोकांत दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, आजच्या शास्त्रज्ञांनीं सांगितलेलें सर्व आमच्या पोथ्यांत आधींच आहे. दुसरा म्हणतो, पोथ्यांत अंधश्रद्धेपलीकडे कांहीं नाहीं. दोन्ही पक्ष कागद समोर न ठेवतां बोलतात. कागद समोर ठेवला असतां निराळीच गोष्ट दिसते, ती येथें क्रमानें मांडतों.

प्रथम भूमीविषयीं. सोलापूर हा कमी व बेभरंवशाच्या पावसाचा मुलूख. वर्षाची सरासरी साडेपांचशें ते सहाशें मिलिमीटरांच्या आसपास. त्यांतहि पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरांत. भीमा व सीना ह्या नद्यांच्या कांठची खोल काळी जमीन सोडली, तर पुष्कळसा भाग हलक्या मुरमाड जमिनीचा आहे. अशा मुलखांत झाड जगवावयाचें म्हणजे आधीं पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो.

ह्याच भूमीवर, दक्षिण सोलापूर तालुक्यांत भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग-कुडल येथें शके ९४० (इ. स. १०१८) चा शिलालेख आहे. त्यांतील मराठी वाक्य आमच्या वाचकांच्या परिचयाचें आहेच. त्या वेळीं, ज्यांस पुढें कल्याणीचे चालुक्य म्हणूं लागले त्या घराण्यांतील दुसरा जयसिंह राज्य करीत होता. कुडलच्या लेखानंतर अवघ्या सात वर्षांनीं, म्हणजे इ. स. १०२५ मध्यें, त्याच राजाच्या आश्रयास असलेल्या चावुंडरायानें ‘लोकोपकार’ हा ग्रंथ कन्नड भाषेंत रचला. गृहस्थास संसारांत लागणाऱ्या विद्यांचा तो संग्रह आहे. ज्योतिष, वास्तु, भूमीखालच्या पाण्याचा शोध, पाकक्रिया, औषधें आणि गुरांचे रोग ह्यांच्याबरोबर वृक्षायुर्वेदाचेंहि एक प्रकरण त्यांत आहे. ह्या ग्रंथाचें महत्त्व भाषेंत आहे. झाडाच्या रोगाचें शास्त्र संस्कृतांतून लोकांच्या भाषेंत उतरविण्याची गरज त्या काळींच भासली होती, ही गोष्ट त्यावरून सिद्ध होते. पुढें त्याच घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ रचला. महाराष्ट्रांतील स्त्रिया ओव्या गातात ह्या त्यांतील उल्लेखामुळें हा ग्रंथ मराठी अभ्यासकांस ठाऊक असतो. त्याच ग्रंथाच्या क्रीडाविषयक भागांत उपवन, झाडांची लागवड व त्यांचे दोष ह्यांचाहि विचार आला आहे, इकडे मात्र फारसें लक्ष गेलेलें नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचें संपादन केलें असून पहिला खंड १९२५ मध्यें निघाला.

ह्या सर्व ग्रंथांच्या मुळाशीं जें जुनें शास्त्र आहे, त्याचा सुटसुटीत नमुना वराहमिहिराच्या ‘बृहत्संहितें’तील वृक्षायुर्वेदाध्यायांत मिळतो. ग्रंथ सहाव्या शतकांतील व अवंतीकडील. पण पुढच्या संग्रहकारांनीं त्याचाच धागा ओढला आहे. त्यांतील मुख्य उपदेश येणेंप्रमाणें : बागेची जमीन मऊ असावी, तींत आधीं तीळ पेरून ते फुलावर आले म्हणजे तेथेंच तुडवावे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात कनिष्ठ. उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें, हिवाळ्यांत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत जमीन सुकली तरच. झाडें फार जवळ असून त्यांचीं मुळें एकमेकांत गुंतलीं, तर तीं पीडित होऊन नीट फळत नाहींत. रोगाचीं कारणें थंडी, वारा व ऊन. चिन्हें म्हणजे पानें फिकीं पडणें, अंकुर न वाढणें, फांद्या वाळणें, रस गळणें. उपाय करतांना आधीं शस्त्रानें रोगट भाग काढून शुद्धि करावी, मग वावडिंग, तूप व चिखल ह्यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी शिंपावें.

ह्याच अध्यायांत ज्यांची फांदी लावून नवें झाड करावें अशा झाडांची एक यादी आहे. केळ, जांभूळ, द्राक्ष व महाळुंग ह्यांच्याबरोबर तींत दाडिमहि आहे. फांदीस शेणाचा लेप द्यावा, असेंहि तेथें सांगितलें आहे. दीड हजार वर्षांपूर्वीं डाळिंब फांदीपासून वाढवीत होते, हें ह्यावरून निश्चित होतें. ह्या यादीचें कारण पुढें पडणार आहे; वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी.

वृक्षायुर्वेदावरील स्वतंत्र ग्रंथांत सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ प्रमुख होय. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत होती. ती मिळवून सिकंदराबादच्या आशियाई कृषि-इतिहास प्रतिष्ठाननें १९९६ मध्यें नलिनी साधले ह्यांच्या भाषांतरासह प्रसिद्ध केली. ह्यांत झाडाच्या अंतस्थ रोगांची वात, पित्त व कफ अशी वांटणी असून कीड, हिंव इत्यादि बाह्य कारणें वेगळीं काढलीं आहेत. प्राण्यांचें मांस, वसा व हाडें उकळून व कुजवून केलेलें ‘कुणपजल’ नांवाचें खत त्यांत वर्णिलें आहे. एक पोथी परदेशच्या कपाटांत राहिली म्हणून एक शास्त्र आपल्या देशांत विसरल्यासारखें झालें होतें. हस्तलिखितें गोळा करणारांच्या श्रमांचें फळ कशांत असतें, ह्याचें हें उदाहरण बोलकें आहे.

आतां प्रश्न असा कीं, हें शास्त्र सामान्याच्या परसापर्यंत पोंचत होतें काय? पोथी राजाच्या उपवनासाठीं लिहिली जाई. परसांतली वेल ज्याच्या हातीं होती त्याला पोथी वाचतां येत नसे. परसाविषयीं राज्यकर्त्यांचा विचार काय होता, हें कळावयास मराठींत एक उत्कृष्ट साधन आहे, तें म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’. इ. स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ राजनीतीचा म्हणून वाचला जातो. परंतु गडांच्या प्रकरणांत असा हुकूम आहे कीं, वाटांवर, बाजारांत व तटावर केरकचरा राहूं देऊं नये. झाडलेला केर गडाखालीं न टाकतां जागोजाग जाळावा, ती राख परसांत टाकावी आणि घरोघर होईल तो भाजीपाला करवावा. गडावर झाडें लावून तीं जतन करण्याविषयींहि तेथें आज्ञा आहे. राखेंत पालाश व चुना असतो, हें रसायनशास्त्र अमात्यांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. गडाची स्वच्छता व गडकऱ्यांची भाजी अशा दोन्ही गोष्टी एका हुकुमांत साधाव्यात, एवढा व्यवहार त्यांनीं पाहिला. कांहींएक न लिहितां परसाला पोंचणारें ज्ञान ह्याच जातीचें असे.

डाळिंबाच्या बागेंत तसलें ज्ञान ‘बहार’ ह्या शब्दांत सांठविलें आहे. शब्द फारसी, मूळ अर्थ वसंत किंवा फुलोरा. ‘बाग’ व ‘कलम’ हे शब्दहि आपणांस त्याच दरबारी भाषेच्या मार्गानें आले; आणि लेखणीला व लावलेल्या फांदीला एकच नांव पडलें ही गोष्ट पोथी-संग्राहकांस रुचेल अशी आहे. परंतु बहारांचीं नांवें पाहिलीं तर तीं देशी आहेत. जून-जुलईंत फुलणारा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरांत फुलणारा हस्त बहार, आणि आंब्याच्या मोहोराबरोबर जानेवारी-फेब्रुवारींत येणारा आंबे बहार. डाळिंब ह्या हवेंत वर्षभर थोडेंथोडें फुलतच असतें. माळी त्याचें पाणी तोडून त्यास ताण देतो, पानें गळूं देतो, मग आळें उकरून, खत घालून पाणी सोडतो. म्हणजे सारें झाड एकदम फुलतें. झाडास तान्हेलें ठेवून फुलविण्याची ही युक्ति दुष्काळी मुलखालाच सुचावी अशी आहे. नांवाचा एक अर्धा फारसी, दुसरा पंचांगांतला, आणि क्रिया मात्र मळ्यांतली. बागवानीची परंपरा कशी घडली हें ह्या एका जोडशब्दांत दिसतें. आज संशोधन केंद्राच्या पत्रकांतहि हींच नांवें जशींच्या तशीं चालतात.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. सरकारी प्रयोगांतून निघालेलें ज्ञान सोलापुरच्या शेतकऱ्यास सांगण्याचा पद्धतशीर उपक्रम जिरायतीपासून सुरू झाला. इ. स. १९३३ मध्यें इंपीरियल कृषि संशोधन परिषदेच्या योजनेखालीं कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठीं जीं केंद्रें उघडलीं, त्यांत विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक ह्यांच्याबरोबर सोलापूर होतें. ना. वि. कानिटकर ह्यांच्या देखरेखीखालीं ह्या प्रांतीं बांधबंदिस्ती, खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी ह्यांचा मेळ घातला गेला आणि त्यास ‘मुंबई पद्धति’ हें नांव पडलें. कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरील इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्यें प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्यें सामूहिक विकास योजना व १९५३ मध्यें राष्ट्रीय विस्तार सेवा निघून ग्रामसेवक दारापर्यंत येऊं लागला. १९६८ मध्यें राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ स्थापन झालें; सोलापूर व मोहोळ येथें त्याचीं केंद्रें आहेत. १९७४ मध्यें देशांतील पहिलें कृषि विज्ञान केंद्र पुदुच्चेरीस निघालें व पुढें तीं जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलीं. ‘विस्तार’ हा शब्द ह्या अर्थानें मराठींत रुळला तो ह्याच काळांत.

डाळिंबापुरतें पाहिलें, तर पुण्याजवळ गणेशखिंडीच्या बागेंत डॉ. चिमा ह्यांनीं आळंदीच्या वाणांतून १९३६ मध्यें एक निवड केली. तिलाच पुढें ‘गणेश’ हें नांव मिळालें. इ. स. २००३ च्या सुमारास राहुरीच्या विद्यापीठानें ‘भगवा’ प्रसारित केला व थोड्याच वर्षांत बहुतेक बागा त्या एका वाणाच्या झाल्या. हा वाण बीं टाकून वाढवीत नाहींत. फांदीस गुटी बांधून कलमें करतात. म्हणजे वराहमिहिराच्या यादींतील उपदेशच मोठ्या प्रमाणावर आचरणांत आला.

येथेंच तेल्याचें संकट उभें राहिलें. तेल्या हा झँथोमोनास नांवाच्या सूक्ष्म जंतूचा रोग. भारतांत त्याची पहिली नोंद दिल्लीकडून १९५२ मध्यें झाली. १९९८ नंतर कर्नाटकांत विजापूरकडे व २००२ च्या पुढें महाराष्ट्रांत त्यानें बागाच्या बागा बसविल्या. पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा पाणथळ डाग पडतो; फांदीच्या पेऱ्यावर काळा डाग पडून ती मोडते; फळ तडकतें व विकण्याजोगें राहत नाहीं. जंतु पावसाच्या उडत्या थेंबांतून, वाऱ्यांतून, छाटणीच्या कात्रींतून आणि मुख्यतः रोगट झाडाच्या कलमांतून पसरतो. कलम दिसावयास हिरवेंगार असतें. रोग त्याच्या पोटांत असतो. ज्या कलमानें शेतकऱ्यास एकसारखें लाल फळ दिलें, त्याच कलमानें एका गांवाचा रोग दुसऱ्या गांवीं नेला.

जुना अध्याय व नवें पत्रक ह्यांची तुलना ह्या ठिकाणीं केली पाहिजे. साम्य पुष्कळ आहे. चिन्हें पाहून निदान करावें, रोगट भाग आधीं कापावा, कापलेल्या जागीं लेप द्यावा, झाडांत अंतर ठेवावें, पाणी ऋतूप्रमाणें द्यावें, हे पांचहि उपदेश दोन्हींकडे आहेत. लेपाचें द्रव्य बदललें. वावडिंग व तूप जाऊन मोरचूद व चुना आला. एक किलो मोरचूद व एक किलो चुना शंभर लिटर पाण्यांत, हें एक टक्क्याचें बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्डो प्रांतीं द्राक्षांच्या केवडा रोगावर मिलार्डे ह्यांनीं तें १८८५ मध्यें प्रसिद्ध केलें. भेद मात्र एकाच ठिकाणीं आहे, पण तो मुळाचा आहे. वराहमिहिराच्या अध्यायांत रोग हा त्या त्या झाडाचा आहे. थंडी, वारा, ऊन ह्यांनीं तो होतो. शेजारचें झाड मुळें गुंतवून पीडा देतें, परंतु रोग देत नाहीं. म्हणून शस्त्रानें शुद्धि करावी हें तेथें आहे. तें शस्त्र दुसऱ्या झाडास लावण्यापूर्वीं धुवावें, हें नाहीं. दाडिमाची फांदी लावावी हें आहे. ती निरोगी झाडाची आहे कीं नाहीं हें तपासावें, असें नाहीं. आजच्या पत्रकाचा सारा भर ह्या दोन गोष्टींवर आहे. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावांत बुडवावी. कलमें रोगमुक्त बागेंतूनच आणावीं. गळलेलीं पानें व फळें वेंचून जाळावीं. सारांश, पोथींत सर्व आहे असें म्हणणारा पक्ष तेल्यापुढें निरुत्तर होतो. आणि पोथींत कांहींच नाहीं म्हणणाऱ्यास वरचे पांच उपदेश उत्तर देतात.

परंपरेचा हात मात्र दुसऱ्या बाजूनें उपयोगीं पडला. तेल्यास उबदार दमट हवा मानवते. म्हणून फळ पावसांत वाढणारा मृग बहार सोडून, थंड व कोरड्या महिन्यांत फळ वाढणारा हस्त बहार धरावा आणि बागेस तीन-चार महिने विश्रांति द्यावी, असा सल्ला केंद्रानें दिला. सल्ला नवा, पण त्याचें नांव व कृति शेतकऱ्यास आधींपासून ठाऊक होती. अडचण एवढीच कीं, हस्त बहाराचा ताण पडावयाचा त्याच सुमारास सोलापुरांत पावसाचा जोर असतो, व पाणी तोडणें माणसाच्या हातीं राहत नाहीं. दिल्लीस किंवा पुण्यास बसून लिहिलेला उपदेश सोलापुरास जसाच्या तसा लागू पडत नाहीं, तो ह्याच कारणानें.

स्थळाप्रमाणें काळाचेंहि आहे. तेल्याच्या साथींत स्ट्रेप्टोमायसिन ह्या जातीचें प्रतिजैविक बोर्डोच्या जोडीनें फवारण्याचा सल्ला सर्वत्र दिला जाई. तेंच औषध माणसाच्या क्षयावर दिलें जातें. शेतांत त्याचा मारा झाला तर जंतु त्यास दाद देईनासे होतात, ह्या धोक्यामुळें केंद्र सरकारनें २०२१ मध्यें शेतींतील त्याचा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. आतां एखाद्या घरच्या कपाटांत जुनें पत्रक असलें आणि त्यावर मिति नसली, तर परसांतील डाळिंब वांचविण्यासाठीं गृहिणी तेंच औषध आणावयास सांगेल. परसांतलें झाडहि एकटें नसतें. त्यावर तेल्या राहिला तर पाऊसवाऱ्याच्या थेंबांनीं शेजारच्या मळ्यास त्याची बाधा होण्याचें भय असतें. मिति नसलेलें पत्र इतिहासकारास फसवितें, हें आम्हीं नेहमीं म्हणतों. मिति नसलेला सल्ला झाड, मळा व माणूस ह्या तिघांसहि अपाय करूं शकतो.

ह्यावरून आमचें म्हणणें असें आहे कीं, वृक्षचिकित्सेचा कोणताहि कागद, मग तो ताडपत्रावरचा असो वा छापखान्यांतला, केव्हांचा, कोठला, कोणासाठीं व कोणीं पडताळून पाहिलेला, ह्या चार प्रश्नांनीं वाचावा. सुरपालाचें कुणपजल आज कोणी परसांत वापरूं पाहील तर त्यानें तें दोनचार झाडांवर करावें, दोनचार झाडें तशींच ठेवावीं, आणि फरक लिहून ठेवावा. ग्रंथाचा मान राखण्याची हीच खरी रीत होय; कारण चावुंडरायानें आपला ग्रंथ लोकांच्या उपयोगासाठीं रचला होता.

असो. संग्राहकांस आमची विनंति थोडक्यांत अशी : बाडांतील झाडांविषयींचीं टिपणें ‘किरकोळ’ सदरांतून काढून त्यांस स्वतंत्र सदर द्यावें, व त्यांत झाडाचें नांव, रोगाचें लोकांतील नांव, द्रव्यें, गांव, हस्ताक्षर व मिति हे रकाने ठेवावे. तसेंच विद्यापीठाचें, संशोधन केंद्राचें किंवा कृषि विज्ञान केंद्राचें पत्रक हातीं आलें, तर तें कोणत्या दिवशीं व कोठें मिळालें एवढें मागें शाईनें लिहून त्याच सदरांत लावावें. सोलापुरांत मराठी, कन्नड व तेलुगु ह्या तिन्ही भाषा घरांत बोलल्या जातात. तेव्हां तिन्ही भाषांतील कागद ह्या कामीं सारखेच ग्राह्य समजावे.